मॉरिस मायनरच्या पेट्रोल पंपाची टिकटिक बंद पडते तेव्हा

प्रश्न असा आहे: १९५८ ची मॉरिस मायनर १०००, मूळचाच एसयू कंपनीचा, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा इलेक्ट्रिक पंप. पावसाळ्यात दोन महिने गाडी उभी होती. आता चावी फिरवली की पंप गप्प बसतो. पान्ह्याची मूठ हलकेच मारली की टिकटिक सुरू होते, गाडी निघते आणि पाच-सात किलोमीटरवर गुदमरून थांबते. मेकॅनिकचं म्हणणं, हा पंप फेकून द्या, इंजेक्शनच्या गाडीचा नवा पंप बसवतो. तो बसवावा का?

इंजेक्शनचा पंप अजिबात बसवू नका. तो साधारण ४० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) पुढे दाब देतो आणि मायनरच्या कार्ब्युरेटरची, आत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल ३ पीएसआयच्या आसपासचाच दाब पेलते. त्याहून जास्त दाब आला की नीडल सीटवर बसत नाही, फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा कप) भरून वाहतं आणि पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्टच्या बाजूला टपकतं. गाडी पेटायला एवढं पुरतं. शिवाय तुमचा पंप मेलेला नाही. ठोकल्यावर चालतो याचा अर्थ कॉइल शाबूत आहे आणि बिघाड पॉइंटात (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांत) किंवा रॉकरमध्ये (पलटी खाऊन त्यांची उघडमीट करणाऱ्या भागात) आहे. तो घरच्या टेबलावर दुरुस्त होतो.

पंप काय करतो ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं निदान त्यावर चालतं. चावी फिरवली की वीज पॉइंटांमधून कॉइलला जाते. कॉइल लोखंडी आर्मेचरला आत ओढते, त्याला जोडलेला डायफ्रॅम (लवचिक पडदा) मागे सरकतो आणि टाकीकडून पेट्रोल खेचलं जातं. आर्मेचर आत पोचता पोचता रॉकर फटकन पलटी खातो आणि पॉइंट उघडतात. वीज तुटते, मग स्प्रिंग डायफ्रॅमला पुढे ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. स्प्रिंग शेवटपर्यंत पोचली की रॉकर उलटा पलटतो, पॉइंट पुन्हा चिकटतात. एक टिक म्हणजे हे एक चक्र. फ्लोट चेंबर भरलं की नीडल बंद होते, स्प्रिंगला पेट्रोल पुढे ढकलता येत नाही, डायफ्रॅम मध्येच थांबतो आणि पॉइंट उघडेच राहतात. म्हणून निरोगी पंप चावी दिल्यावर दहा-पंधरा वेळा भराभर टिकटिकतो आणि गप्प होतो. दाब कॉइल ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. म्हणून स्प्रिंग ताणून दाब वाढवायचा उद्योग कोणीही करू नये.

आता आवाजावरून ओळखायचं ते असं. चावी दिल्यावर एकही टिक नाही: वीज पोचत नाही, अर्थ (गाडीच्या बॉडीतून वीज परत जाण्याची जोडणी) खराब आहे किंवा पॉइंट वीज जाऊ देत नाहीत. न थांबता भराभर टिकटिक आणि कार्ब्युरेटर कोरडा: खेचण्याच्या बाजूने हवा घेतोय किंवा टाकीत पेट्रोल नाही. इंजिन बंद, चावी चालू आणि दर दोन-चार सेकंदांना एक टिक: पेट्रोल मागे परततंय किंवा कार्ब्युरेटरची नीडल गळतेय. एकच जड टिक, मग पंप गरम होऊन गप्प: टाकीकडची नळी किंवा फिल्टर तुंबलाय, म्हणून आर्मेचर अर्ध्यात अडकतं आणि कॉइलमधून सारखी वीज वाहत राहते. या शेवटच्या खुणेत चावी लगेच बंद करा, नाहीतर कॉइलच्या आतला रेझिस्टर जळतो.

पंप उघडायच्या आधी दोन मोजमापं घ्या. पंपाच्या टोकावरची वायर जोडलेलीच ठेवून तिथे व्होल्टमीटर लावा. मायनरमध्ये ती पांढरी वायर इग्निशन स्विचकडून येते. १२ व्होल्टच्या आसपास दिसले आणि पंप गप्प असेल तर दोष पंपात किंवा त्याच्या अर्थमध्ये. मग चावी बंद करा, वायर काढा आणि पंपाच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत रेझिस्टन्स मोजा. काही ओहम दाखवले तर पॉइंट जुळलेले आहेत आणि कॉइल जिवंत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा शेकड्यांत आकडा फिरत असेल तर पॉइंटांवर गंज बसलाय. तुमच्या गाडीत हेच सापडेल असं मला वाटतं.

एक गोष्ट ठळक सांगतो: मायनर मुळात पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे. बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. तुमची गाडी कोणीतरी मध्येच अल्टरनेटर बसवताना निगेटिव्ह अर्थ केली असेल तर ते आधी पाहून घ्या. पॉइंटवाल्या जुन्या एसयू पंपाला त्याचा फरक पडत नाही. पण डायोड किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या पंपाला पडतो आणि उलटी जोडणी क्षणात तो पंप जाळते.

काढण्यापूर्वी बॅटरीचा अर्थ सोडा, टाकीचं झाकण उघडून आतला दाब जाऊ द्या आणि जवळ अग्निशामक ठेवा. मायनरमध्ये पंप इंजिनच्या मागच्या भिंतीवर असतो, टाकी मागे खाली. त्यामुळे नळ्या सोडल्या तरी पेट्रोल आपणहून वाहायचं नाही. पण गाडी उतारावर नाक खाली करून उभी असेल तर वाहू शकतं, म्हणून सपाटीवर उभी करा. नळ्यांच्या जोडांवर दोन पान्हे वापरा, एक धरायला, एक फिरवायला. एका पान्ह्याने हिसका दिला तर जुनी नळी पिळवटते.

पंपाच्या बॉडीवर छोट्या पट्टीत नंबर असतो. १९५८ च्या गाडीवर एल प्रकाराचा पंप असायला हवा: खाली षटकोनी प्लग, त्यात जाळीचा फिल्टर, व्हॉल्व्ह पितळी चकत्यांचे. नंतरच्या एयूएफ प्रकारात येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळ्यांचे तोटे एका पट्टीने दोन स्क्रूंवर दाबलेले असतात आणि व्हॉल्व्ह प्लॅस्टिकच्या चकतीचे, एक सुलटा, एक उलटा. किट मागवताना नंबर सांगूनच मागवा. डायफ्रॅम दोन्हींचे वेगळे असतात. एसयूचे पंप आणि सुटे भाग आज इंग्लंडमधली बर्लन ही कंपनी बनवते. मॉरिसने १९२६ मध्ये एसयू कंपनी विकत घेतली म्हणून मॉरिसच्या गाड्यांवर हे पंप इतके दिसतात, त्यामुळे भागांचा तुटवडा नाही.

तुम्हाला लागणारं सामान: डायफ्रॅम, रॉकर आणि पॉइंटची पट्टी (नेहमी जोडीने), गॅस्केट आणि फायबर वॉशरचा संच, हिंज पिन, स्पिरिट, ४०० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), चांगल्या तोंडाचे पेचकस आणि रॉकेल.

आधी काळं बेकलाइटचं झाकण काढा. त्याच्या आत तोंड घालून वास घ्या. पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर डायफ्रॅम फुटलाय, आणि ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांशेजारी पेट्रोलची वाफ जमते आहे. अशा पंपाला एक टिकही करू देऊ नका. वास नसेल तर पॉइंट पाहा. करडे, सपाट आणि फक्त मळकट असतील तर पॉलिश पेपरची पातळ पट्टी मध्ये धरून दोन-तीन वेळा ओढा, मग स्पिरिटमध्ये बुडवलेला जाड कागद ओढा, म्हणजे पेपरची भुकटी निघून जाते. एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकडी, किंवा निळसर जळाल्याचा रंग असेल तर घासून वेळ मारून नेऊ नका. रॉकर आणि पट्टी दोन्ही बदला. खड्डा पडलेला पॉइंट नव्या पॉइंटला लवकरच तसाच करतो.

ठोकल्यावर पंप का चालतो त्याचंही उत्तर इथेच आहे. धक्क्याने पॉइंट एकमेकांवर घासतात, गंजाचा पापुद्रा एका टोकाला फुटतो आणि वीज जाते. ठोकत ठोकत गाडी चालवत राहिलात तर त्या एवढ्याशा टोकावर सगळी ठिणगी पडते आणि तेच जळतं.

पाच-सात किलोमीटरनंतर थांबणं मात्र नुसत्या पॉइंटाचं लक्षण नाही. जुना डायफ्रॅम कडक झाला असेल तर आर्मेचर शेवटपर्यंत पोचत नाही आणि रॉकर पलटी खायला कुचराई करतो. शिवाय गरम झाल्यावर कॉइलचा जोर घटतो. किंवा खालचा फिल्टर टाकीतल्या गंजाने भरलाय. म्हणून आता पंप उघडलाच आहे तर पुरताच करा.

बॉडी आणि कॉइलच्या खोक्याच्या जोडावर खिळ्याने रेघ ओढून खूण करा. सहा स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून सोडा. डायफ्रॅम पूर्ण डावीकडे फिरवत सोडत न्या. ११ छोटे पितळी रोलर कडेने बाहेर पडतात, म्हणून हे काम कोऱ्या कापडावर आणि भांड्यावरच करा. एक रोलर कमी बसला तरी आर्मेचर तिरकं चालतं. आतली शंकूसारखी स्प्रिंग काढताना मोठं तोंड कॉइलकडे आहे हे पाहून ठेवा. आर्मेचरच्या खाचेतली छोटी रबरी चकती हरवू नका. ती धक्का शोषते. विसरलात तर पंप खडखडतो.

व्हॉल्व्हच्या चकत्या रॉकेलमध्ये धुवा. एका बाजूने गुळगुळीत असते ती सीटवर बसते. दोन महिने उभ्या गाडीत पेट्रोलचा तपकिरी डिंक चकतीला सीटवर चिकटवून ठेवतो. नख लावून तो निघत नसेल तर लॅकर थिनर चालतो, पण रबराला तो लागू देऊ नका. फायबर वॉशर वेगवेगळ्या जाडीचे आहेत: व्हॉल्व्हच्या पिंजऱ्याखालचा आणि वरचा वेगळा, प्लगचा आणखी वेगळा. त्यांची अदलाबदल केली की व्हॉल्व्ह दाबले जातात किंवा हवा शिरते. जाळी सुईने टोकरू नका. मऊ ब्रश आणि उलट्या बाजूने हवा पुरे.

एक जुनी सवय इथे मोडावी लागेल. गॅस्केटला शेलॅक, म्हणजे लाखेचं लुकण, लावून बंद करायचं, ही आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींची पद्धत होती. लाख इथेनॉलमध्ये विरघळते आणि आता पेट्रोल भरायच्या पंपावर ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते लुकण सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं. गॅस्केट कोरडीच बसवा. त्याच कारणाने जुन्या रबरी नळ्याही बदला. नवी नळी घेताना तिच्यावर एसएई जे३० आर९ लिहिलेलं असेल अशीच घ्या. साधी नळी आतून फुगते आणि तिचे तुकडे फ्लोट चेंबरमध्ये जातात.

आता मुख्य काम. पंप नीट चालणार की नाही ते याच्यावर ठरतं, म्हणून घाई करू नका. रॉकर खालच्या पायावर बसवा. हिंज पिन कडक पोलादाची असते, साधा तारेचा तुकडा घालून भागवू नका, झिजून भोक ओव्हल होतं. बेकलाइटच्या पायाचे दोन स्क्रू बेताने आवळा, पाय तडकतो. रॉकरची गुंफलेली तांब्याची शेपटी म्हणजे पंपाचा अर्थ आहे. ती स्क्रूखाली नीट दाबा आणि ती रॉकरच्या हालचालीला अडणार नाही अशी वळवा. टर्मिनलच्या खिळ्यावर क्रम असा: स्प्रिंग वॉशर, कॉइलच्या वायरचा टॅग, शिशाचा वॉशर, मग शंकूच्या तोंडाची नट शिशाकडे तोंड करून. शिशाचा वॉशर दरवेळी नवा. त्याच्याशिवाय नट कालांतराने ढिली होते आणि वीज अडते.

पॉइंटची पट्टी अजून बसवू नका किंवा बाजूला वळवून ठेवा. रबरी चकती आर्मेचरच्या खाचेत, स्प्रिंग मोठं तोंड कॉइलकडे करून, आणि डायफ्रॅमचा दांडा मधल्या भोकातून आत घालून रॉकरच्या ट्रनियनमध्ये (मधल्या आट्यांच्या तुकड्यात) उजवीकडे फिरवत आत न्या. इतका आत की डायफ्रॅमवर अंगठा दाबला तरी रॉकर पलटणार नाही. मग डायफ्रॅमची कड हलकेच वर करून ११ रोलर गोलाकार सोडत जा, आणि कड पुन्हा बसवा.

खोकं आडवं धरा, डायफ्रॅम तुमच्याकडे. अंगठ्याने डायफ्रॅमच्या मध्यावर ठाम आणि सावकाश दाब द्या, धक्का नको. रॉकर पलटत नाही. डायफ्रॅम डावीकडे एक भोक फिरवा, म्हणजे एक षष्ठांश फेरी, आणि पुन्हा दाबा. पुन्हा एक भोक, पुन्हा दाब. एका क्षणी रॉकर बारीक टक असा आवाज करून पलटेल. तो पहिला टक ऐकू आला की थांबा. भोकं बॉडीच्या भोकांशी जुळत नसतील तर पुढच्या जुळणाऱ्या भोकापर्यंत सोडा, आणि तिथून आणखी चार भोकं डावीकडे, म्हणजे दोन तृतीयांश फेरी. इथे थांबायचं. कमी सोडलं तर डायफ्रॅम शेवटी पोचूनही रॉकर पलटत नाही आणि पॉइंट चिकटून कॉइल तापते. तुमच्या गाडीचं पाच-सात किलोमीटरवर थांबणं याच्यातून आलेलं असू शकतं. जास्त सोडलं तर झेप तोकडी होते आणि पंप पेट्रोल कमी देतो. चार भोकांच्या या हिशोबात अंदाज चालत नाही.

बॉडी बसवताना कॉइलच्या खोक्याचं निचऱ्याचं भोक खाली, फिल्टर प्लगच्या रेषेत येऊ द्या. सहा स्क्रू हातानेच घाला, घट्ट आवळू नका. आवळायच्या आधी डायफ्रॅम आतल्या टोकापर्यंत ताणलेला हवा, नाहीतर तो आडाखा बिघडतो. त्यासाठी पॉइंटची पट्टी बसवा, बाहेरच्या रॉकरच्या पांढऱ्या फायबर रोलरमागे काडेपेटीची काडी सरकवा म्हणजे पॉइंट चिकटलेलेच राहतात, आणि १२ व्होल्ट क्षणभर द्या. कॉइल आर्मेचर ओढून धरते. तेवढ्यात सहाही स्क्रू आलटून पालटून आवळा, वीज तोडा, काडी काढा. पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त वीज चालू ठेवू नका. हे काम टेबलावर, पेट्रोलपासून दूर.

मग पॉइंटचं अंतर. जुन्या साध्या रॉकरला पॉइंट उघडे असताना ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर. बोटासारखी पट्टी असलेल्या नव्या रॉकरला दोन मापं: बाहेरचा रॉकर कॉइलच्या खोक्यावर दाबून धरला की पट्टी आणि पाया यांत ०.०३५ इंच, आणि रॉकरचं बोट आणि खोकं यांत ०.०७० इंच. दोन्हींत ०.००५ इंचाची सूट चालते. बोट किंचित वाकवून माप साधतात, पट्टी मोडू नका. पट्टीवरचा पॉइंट रॉकरच्या पॉइंटावर बरोबर समोर आणि पूर्ण टेकला पाहिजे. कडेला टेकत असेल तर पट्टीचा स्क्रू ढिला करून सरकवा.

गाडीत बसवण्यापूर्वी रॉकेलवर चालवून पाहा. पेट्रोलवर टेबलाशी प्रयोग नको. येणारी नळी रॉकेलच्या डब्यात, जाणारी काचेच्या बरणीत बुडवून. दहा-पंधरा सेकंदांत पंप भरला पाहिजे. सुरुवातीचे बुडबुडे ठीक, पण ते चालूच राहिले तर खेचण्याच्या बाजूचा वॉशर किंवा जोड हवा घेतोय. एका मिनिटात सुमारे अर्धा लिटर मिळालं तर मायनरच्या इंजिनाला पुरेसं आहे. मग जाणारं तोंड बोटाने बंद करा. टिकटिक थांबली पाहिजे, आणि सुमारे १५ सेकंदांच्या आत दुसरी टिक येता कामा नये. आली तर इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, चकती पुन्हा उघडून पाहा.

गाडीत बसवताना पंपाचा अर्थ वेगळ्या तारेने द्या. रंगलेल्या भिंतीवर नुसत्या बोल्टच्या भरवशावर राहू नका. पंप टिकटिकत असताना त्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थवाल्या टोकापर्यंत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थ अजून वाईट आहे. पांढऱ्या वायरीत मूळ गाडीत फ्यूज नसतो. पंपाजवळ ७.५ अँपिअरचा लावा. टाकी ते पंप ही नळी हवेने फुंकायची असेल तर पंपाकडचा जोड सोडून आणि टाकीचं झाकण उघडून फुंका. पंपातून कधीच नको, व्हॉल्व्ह बिघडतात.

पंप पुरताच बदलायचा असेल, म्हणजे कॉइल जळाली असेल किंवा बॉडी तडकली असेल तर, दोन रस्ते. एक, एसयूचा नवा पंप: पॉइंटांचा किंवा इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिकचा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अर्थ वेगळा येतो, मागवतानाच सांगा. दुसरा, छोटा चौकोनी सॉलिड स्टेट (पॉइंट नसलेला) पंप, जो कार्ब्युरेटरसाठी १.५ ते ३ पीएसआयचा मिळतो, त्याहून मोठा घेऊ नका. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीवर तो लावताना दोन्ही वायरी त्याच्या बॉडीपासून वेगळ्या आहेत हे मीटरने तपासा, मग लाल वायर गाडीच्या बॉडीला आणि काळी फ्यूजकडे. बॉडीला आतून जोडलेला पंप अशा गाडीत चालत नाही. हा पंप खेचण्यापेक्षा ढकलण्यात चांगला असतो, म्हणून टाकीजवळ मागे, टाकीच्या तळापेक्षा फार उंच नाही असा, आणि त्याच्या आधी फिल्टर लावून बसवा. मूळ जागी भिंतीवर ठेवला की उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन तो कोरडा फिरत राहतो.

गाडी पुन्हा दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे ओल शिरायला जागा राहत नाही, आणि फ्लोट चेंबर मोकळं करा. दर पंधरा दिवसांनी चावी फिरवून पंप आपणहून गप्प होईपर्यंत टिकटिकू दिला तर पॉइंटांवर पापुद्रा जमत नाही आणि डायफ्रॅमही मऊ राहतो.